सुऱ्यांची लांबी

आत्याच्या दुकानात येणारी प्रत्येक वस्तू गंजकी, बोथट, रुसलेली अशी यायची आणि जाताना केस उभा चिरेल अशी होऊन जायची. सुऱ्या, कात्र्या, करवती, रंध्याची पाती, बागेतल्या कैच्या, क्वचित एखादी कुऱ्हाड. दारात धारेचं चाक, चाकामागे चष्मा लावलेली आत्या आणि आत्याच्या मागे भिंतभर खण, जमिनीपासून थेट छतापर्यंत. धार लावून झाली की वस्तू तेलकट खाकी कागदात गुंडाळायची आणि मोकळा दिसेल त्या खणात सारायची. पूर्वी प्रत्येक पुडक्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधत. ती पद्धत भिंगरीने बंद पाडली.

भिंगरी म्हणजे आत्याची भाची. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. चालायला लागली तेव्हा त्या चाकासमोर उभी राहून चाकाबरोबर स्वतःभोवती फिरायची आणि धपकन बसायची, तेव्हापासून भिंगरी. आता ती बसत नाही, एवढाच फरक.

सुट्टीत तिने फोनवर व्हिडिओ बघून डेटाबेस शिकून घेतला होता. शिकून म्हणजे काय, तर व्हिडिओतला दादा जे टाइप करी ते ती थांबवून थांबवून उतरवून घेई आणि चाललं की टाळ्या पिटे. का चाललं हे सांगायला दादा थांबत नसे आणि विचारायला तीही. पण चाललं! पडद्यावर एक खिडकी उघडायची, त्यात गिऱ्हाईक लिहायचं, वस्तू लिहायची, की टुणकन खणाचा नंबर हजर. आत्याने पहिल्यांदा बघितलं तेव्हा चष्मा वर करून म्हणाली, "बापरे. म्हणजे आता मला लक्षात ठेवायला नको?"

"काहीच नको! तू फक्त धार लाव. लक्षात ठेवायचं खातं माझं."

आत्या गिऱ्हाइकांची खरी नावं लिहीत नसे. नाव वाचून मला चेहरा दिसत नाही, म्हणे. त्यामुळे नोंदी अशा: दुसऱ्या गल्लीतला सुतार, घाऱ्या डोळ्यांची शिंपीण, कोपऱ्यावरचा सलूनवाला, मिशीवाला माळी. सकाळच्या नोंदी आत्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर करी, दहा बोटांनी, कीबोर्डकडे न बघता. तरुणपणी कॉम्प्युटरवरच्या मराठी टायपिंगचा क्लास केला होता तिने. शाळा सुटल्यावरच्या नोंदी भिंगरी करी, फोनवर, दोन अंगठ्यांनी. सगळं एकाच ठिकाणी जमा व्हायचं.

सुरुवातीलाच एकदा मोठा विनोद झाला. मिशीवाल्या माळ्याची वस्तू चुकून कैची म्हणून चढली होती आणि खरी तर ती कुऱ्हाड होती. (माळी काय आणतो हे ज्याने बघितलंय त्यालाच कळेल.) भिंगरीने व्हिडिओतली बदल करायची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, उतरवली आणि ऐटीत बटण दाबलं. झालं. साऱ्या दुकानाची कुऱ्हाड झाली. शिंपिणीची कात्री, कुऱ्हाड. सलूनवाल्याचा वस्तरा, कुऱ्हाड. शेजारच्या आजींची नखं कापायची इवलीशी कात्री, तीही कुऱ्हाड. सकाळची प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून निभावलं, नाहीतर आत्याने तीच कुऱ्हाड हातात घेतली असती.

"हे असं का झालं?" आत्याने विचारलं.

"होतं कधीकधी," भिंगरी म्हणाली. तिला ठाऊकच नव्हतं.

दुसरी कुरकुर जरा विचित्र होती. "तुझा हा डेटाबेस पक्षपाती आहे बघ," आत्या म्हणायची. "मी चढवलेलं मला शोधून देतो. तू चढवलेलं मी विचारलं की कधी देतो, कधी नाक मुरडतो."

"तू चुकीचं टाइप करत असशील."

"मी? मला टायपिंगचं बक्षीस आहे!"

"मग बक्षीस देणाऱ्यांचं चुकलं असेल."

"शेफारलीयस तू," आत्या म्हणाली आणि चाक सुरू केलं. चाक सुरू झालं की वाद बंद, हा दुकानाचा नियमच होता. त्यामुळे ती कुरकुर तिथेच राहिली.

मग जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. सगळा डेटा लॅपटॉपवर आला, लॅपटॉपचा कीबोर्ड भिंगरीने आपल्या फोनसारखा बसवून घेतला, आणि आत्या त्यावर कुरबुरत का होईना टाइप करायला लागली. पुढे जे झालं त्याची सुरुवात इथे होती. पण तेव्हा कोणाला पत्ता?

त्या दिवशी आत्या चाकाचा नवा दगड आणायला बाहेर गेली होती आणि गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर भिंगरी एकटीच राज्य करत होती. तेवढ्यात वरून चपलांचा आवाज आला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आत शिरल्या.

या काकू स्वयंपाकीण. आत्याची त्यांच्याशी मैत्री भिंगरीच्या जन्माच्या आधीपासूनची. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी वाकत नाही, जुन्या अपघातापासून ती तशीच ताठ. त्यामुळे त्यांच्या पाच सुऱ्यांच्या मुठी आत्याने स्वतः तासून त्या बोटाला बसतील अशा करून दिल्या होत्या. त्या सुऱ्या हातात असल्या की काकूंचा हात दिसत नाही, नुसता आवाज ऐकू येतो. दुसरी कुठलीही सुरी दिली की त्या पहिल्यांदाच चिरायला बसल्यासारख्या चाचपडतात.

"भिंगरे, सुऱ्या दे गं माझ्या. उद्या सकाळी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात माझी परीक्षा आहे. मुख्य स्वयंपाकिणीची जागा. करून दाखवायचं आहे त्यांच्यासमोर."

"एका सेकंदात!" भिंगरी म्हणाली. टाइप केलं: तिसऱ्या मजल्यावरची. सुऱ्या. बटण.

खिडकीत आलं: अशी वस्तू नाही.

तिने नुसतं 'सुऱ्या' टाकून बघितलं. दोन नोंदी आल्या, काकूंची एकही नाही. नुसतं 'तिसऱ्या मजल्यावरची' टाकलं. अशी वस्तू नाही.

आता इथे एखादी शहाणी मुलगी म्हणाली असती, काकू, जरा थांबा, आत्या आली की बघते. पण स्टूल उंच होतं आणि भिंगरी त्यावर बसली होती.

"काकू, तुमच्या सुऱ्या आमच्याकडे नाहीत."

"असं कसं? मी माझ्या हातांनी दिल्यात तुझ्या आत्याकडे."

"कॉम्प्युटरमध्ये नाहीत. खरं म्हणजे तुम्हीसुद्धा नाही आहात. हे बघा ना. तुम्ही दुसरीकडे कुठेतरी विसरला असाल."

काकूंनी पडद्याकडे बघितलंच नाही. भिंगरीकडे बघितलं. "म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाही, पण कॉम्प्युटर खोटं बोलत नाही ना."

काकू वळल्या. जाताना दारातल्या चाकाला पदर अडकला, तो सोडवायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ भिंगरीला उगाचच खूप मोठा वाटला.

संध्याकाळी दगड डोक्यावर घेऊन आलेल्या आत्याने हे ऐकलं आणि दगड खाली ठेवायचा विसरली.

"अगं, मी घेतल्यात त्या! मी धार लावली, मी गुंडाळल्या, मी चढवल्या!"

"कुठल्या खणात?"

"ते मी कशाला लक्षात ठेवू? तूच म्हणालीस ना, लक्षात ठेवायचं खातं तुझं!"

आत्याने लॅपटॉप ओढला. चष्मा पुसला. स्वतः टाइप केलं, दहा बोटांनी. अशी वस्तू नाही. पुन्हा केलं, दोन बोटांनी, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. अशी वस्तू नाही.

"बघ," भिंगरी म्हणाली. आवाजात जरासा विजय होताच.

आत्याने लॅपटॉप मिटला. वर जाऊन आली. दार उघडलं गेलं, पण साखळीपुरतंच. माझी सुरी घेऊन जा उद्या, असं म्हटल्यावर आतून उत्तर आलं, "तुझ्या भाचीने सांगितलंय, मी तुमच्या दुकानात नाहीच. मग कशाला घेऊ?"

खाली येऊन आत्याने डावीकडचा पहिला खण उघडला आणि पुडकं सोडायला घेतलं. मग दुसरं. पाती उघडी, कागद तेलकट, घाई करायची सोय नाही. भिंत केवढी, खण किती, आणि पुडकी सगळी जुळ्या भावंडांसारखी.

"असं कसं सापडणार, आत्या?"

"सापडेल तेव्हा सापडेल. पण ऐकून ठेव. ह्या जर माझ्या हाताला सापडल्या ना, तर तो लॅपटॉप माळ्यावर जाईल आणि उद्यापासून पुन्हा दोरा-चिठ्ठी."

"कॉम्प्युटर चुकत नाही!"

"मग मी चुकते. आणि ती खोटं बोलते. आणि तू तेवढी बरोबर."

रात्री भिंगरीला हे वाक्य उशीखाली खड्यासारखं टोचत राहिलं. सकाळी तिने ठरवलं: आपण पुरावाच आणायचा. छापील. कॉम्प्युटर चुकत नाही असं मोठ्या जाडजूड पुस्तकात लिहिलेलं आत्याला नेऊन दाखवलं, की विषयच संपला. सुट्टीचा दिवस होता. वाचनालयाचं दार उघडत होतं तेव्हा ती पायरीवर उभी होती.

डेटाबेसचं पुस्तक संदर्भ विभागात होतं, सगळ्यात खालच्या फळीवर, पाठीवर लाल पट्टी: बाहेर नेऊ नये. विटेएवढं जाड. भिंगरीने ते उचललं आणि दोन्ही हातांनी टेबलावर आदळलं. धूळ उडाली. ग्रंथपाल काका शिंकले.

"वाचायला घेतलंस की विचारायला?"

"म्हणजे?"

"गोष्टीचं पुस्तक वाचतात. ह्याला विचारायचं असतं. पुढून सुरू केलंस तर तिसऱ्या पानावर झोपशील. मागून उघड."

मागे शब्दांची सूची होती. बारीक इंग्रजी अक्षरात, पानंच्या पानं. भिंगरीने 'चूक'चा इंग्रजी शब्द शोधला. चुका ढीगभर होत्या, त्यांच्यापुढे आकडेही होते, पण त्यातली एकही तिची वाटेना. पुस्तक तिच्या प्रोग्रामपेक्षा जुनं होतं, त्याच्या मुखपृष्ठावरचा कॉम्प्युटर तर फ्रिजसारखा दिसत होता. व्हिडिओतल्या दादाला निदान खालती प्रश्न तरी विचारता यायचे. अर्थात त्याने उत्तर कधीच दिलं नव्हतं.

"काका, कॉम्प्युटर चुकत नाही, हे कुठल्या पानावर असेल?"

काका हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "असं पान नसेल गं. तू त्याला नेमकं काय सांगितलं होतंस?"

"सांगितलं की गिऱ्हाईक बरोबर अमुक आणि वस्तू बरोबर तमुक असेल तर खण दाखव. मध्ये ते चिन्ह असतं ना, बरोबरचं. दोन आडव्या रेघांचं."

"मग 'बरोबर' म्हणजे काय, ते विचार त्याला."

बरोबर म्हणजे बरोबर, त्यात काय विचारायचं? पण भिंगरीने सूचीत ते चिन्ह शोधलं. तिथे पान होतं. त्या पानावर जायच्या वाटेत पुस्तक एका भलत्याच जागी उघडलं आणि तिला चौकटीत ठळक अक्षरांत दिसलं: अट न लिहिल्यास तक्त्यातील सर्व ओळी बदलतील. आधी प्रत काढा.

भिंगरी त्या चौकटीकडे बघतच राहिली. म्हणजे साऱ्या दुकानाची कुऱ्हाड का झाली, ते इथे, लाल पट्टीमागे, तिच्या जन्माच्या आधीपासून लिहून ठेवलेलं होतं. ती फिस्सकन हसली. काकांनी बोट ओठांवर ठेवलं.

मग 'बरोबर'चं पान आलं. फार काही नव्हतं तिथे. अर्धं पान. इंग्रजीतलं ते वाक्य तिने आधी पटकन वाचलं, मग हळू वाचलं, मग मनातल्या मनात आपल्या भाषेत लावलं: दोन मजकुरांतलं प्रत्येक चिन्ह त्याच क्रमाने सारखं असेल तरच ते बरोबर धरले जातात, यात पडद्यावर न दिसणारी चिन्हंही येतात. आणि खाली: सारख्या दिसणाऱ्या मजकुरांबद्दल शंका असल्यास लांबी मोजा. पुढे पानाचा नंबर.

न दिसणारी चिन्हं?

लांबीच्या पानावर एवढंच होतं की हे फंक्शन मजकुरातली चिन्हं मोजून आकडा देतं. उदाहरणं सगळी इंग्रजी अक्षरांची. पुस्तकाला आत्या माहीत नव्हती, तिसरा मजला माहीत नव्हता, दोन अंगठे आणि दहा बोटंही माहीत नव्हती. पण फूटपट्टी तर तिने हातात दिली.

'अशी वस्तू नाही' हे वाक्य कॉम्प्युटरचं नव्हतंच. ते तिनेच लिहिलं होतं, खिडकी बनवताना, व्हिडिओतून उचलून. कॉम्प्युटर बिचारा एवढंच म्हणत होता की तू दिलंस त्याच्याशी मला काही जुळलं नाही. 'नाही' तिने म्हटलं होतं. तेही स्टुलावर बसून. आणि कॉम्प्युटर चुकत नाही म्हणत तिने सगळी यादी एकदाही स्वतःच्या डोळ्यांनी खालपर्यंत बघितली नव्हती.

"काका, हे पान मला पाहिजे!"

"बाहेर न्यायचं नाही."

"फाडत नाही हो! फोटो काढते."

"फोटो काढ. आणि पळू नकोस आत..." पण ती दारापर्यंत पोचलीसुद्धा होती.

दुकानात आत्या अर्ध्या भिंतीपर्यंत आली होती. जमिनीवर उघडी पुडकी, बोटाला चिंधी, डोळे लाल. चाक बंद. बाहेर मिशीवाला माळी ताटकळत उभा.

"आत्या, थांब. दोन मिनिटं दे मला."

"सेकंदावरून मिनिटावर आलीस का?" आत्या म्हणाली, पण थांबली.

भिंगरीने लॅपटॉप उघडला. आधी प्रत काढली. चौकट डोळ्यांसमोर होती. मग कुठलीही अट न घालता सगळी यादी मागवली आणि प्रत्येक वस्तूच्या नावापुढे लांबी. ओळी धावायला लागल्या. कात्री. करवत. कैची. आणि मग स.

सुऱ्या, सहा.
सुऱ्या, सहा.
सुऱ्या, सात.

"आत्या," भिंगरीचा आवाज बारीक झाला. "तुझ्या सुऱ्या माझ्या सुऱ्यांपेक्षा लांब आहेत."

"काय बरळतेस?"

"ह्या सहावाल्या मी चढवल्यात, फोनवरून. ही सातवाली तू, जुन्या कॉम्प्युटरवरून. दिसायला सारख्या आहेत, पण तुझ्यात एक चिन्ह जास्त आहे. न दिसणारं. तू तो ऱ्या कसा काढायचीस?"

आत्याने टेबलावरच बोटं नाचवली, कीबोर्ड नसतानाही. "र, पाय मोडायची खूण, मग ते जोडायचं बटण, मग य, मग काना. क्लासमध्ये असंच शिकवलंय."

"जोडायचं बटण!" भिंगरी स्टुलावरून उडालीच. "तेच ते! ते दिसत नाही पण असतं! माझ्या फोनमध्ये ते बटणच लागत नाही, तिथे खाली टिंब असलेला वेगळा ऱ आहे. तुझा साधा र आणि न दिसणारा जोड, माझा टिंबवाला ऱ. दोन्हींचं दिसायला ऱ्या. पण कॉम्प्युटर दिसणं बघत नाही, चिन्हं बघतो. म्हणून तुला तुझ्या सुऱ्या सापडायच्या आणि माझ्या नाही."

"मी म्हणत नव्हते पक्षपाती आहे म्हणून?"

"आणि आता लॅपटॉपवर तूही माझ्यासारखीच टाइप करतेस, त्यामुळे तुझं तुलाच सापडेना. मिशीवाला माळी सापडतो, कारण त्याच्यात ऱ्या नाही. तिसऱ्या मजल्यावरची सापडत नाही. दुसऱ्या गल्लीतला नाही. कोपऱ्यावरचा नाही. घाऱ्या डोळ्यांची..."

"ते सगळं नंतर!" आत्या ओरडली. "ती सातवाली कोणाची आहे? खण कुठला?"

भिंगरीने ओळीवर बोट ठेवलं. तिसऱ्या मजल्यावरची. पडद्यावर स्वच्छ लिहिलेलं, कालपासून, त्याच्याही आधीपासून. खण उजवीकडे सगळ्यात खालचा. आत्या अजून अख्खा दिवस पुडकी सोडत बसली असती तेव्हा कुठे तिथे पोचली असती.

खणात पुडकं होतं. कागद सोडला तर पाच मुठी, पाचही एका बाजूला तासलेल्या.

"गेली असेल ती केव्हाची," आत्या घड्याळाकडे बघत म्हणाली. "पळ."

पळण्यात भिंगरीचा हात कोणी धरला नसता. दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी ती पोचली तेव्हा तिला धाप लागली होती, केस सुटले होते आणि काखेत तेलकट पुडकं होतं. फाटकावरच्या रखवालदाराने हात आडवा केला.

"काय आहे त्यात?"

"सुऱ्या."

रखवालदार एक पाऊल मागे सरकला. "किती?"

"पाच."

"दवाखान्यात पाच सुऱ्या घेऊन कुठे निघालीस?"

"स्वयंपाकघरात हो, दादा! आत काकूंची परीक्षा चाललीय आणि त्यांच्या सुऱ्या माझ्यामुळे राहिल्यात. तुम्हीच न्या हवं तर. मला नका सोडू. पण लवकर न्या!"

त्याने पुडक्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि आपण हे पुडकं घेऊन आत जाण्यापेक्षा आतल्याला बाहेर बोलवावं असं ठरवून आवाज दिला. स्वयंपाकघराचं मागचं दार फाटकासमोरच होतं. आतून सुरीचा आवाज येत होता: टक... टक... आणि मध्येच काहीच नाही. एखादं लहान मूल पाढे म्हणताना अडखळतं तसा. तो आवाज भिंगरीला काकूंच्या रागापेक्षा जास्त लागला.

काकू ॲप्रनला हात पुसत बाहेर आल्या. भिंगरीला बघून त्यांचा चेहरा मिटला.

"आता काय?"

वाटेत भिंगरीने खूप तयार केलं होतं, र आणि ऱ आणि न दिसणारं चिन्ह आणि पुस्तकाचं पान. ते सगळं तिने बाजूला ठेवलं. तिने पुडकं पुढे केलं.

"सुऱ्या आमच्याकडेच होत्या, काकू. मला सापडल्या नाहीत आणि मी नाहीत म्हणाले. आणि तुम्हीसुद्धा आहात. एका अक्षराने जास्तच आहात."

"म्हणजे?"

"ते मी मग सांगते. माझं चुकलं. तुमचं नव्हतं, आत्याचं नव्हतं, माझं."

काकूंनी कागद सोडला. मधली सुरी उचलली. ताठ बोट तासलेल्या जागी जाऊन बसलं, चावी कुलपात बसते तसं. पात्याची धार त्यांनी नखावर टेकवून बघितली.

"अजून कांदे आणि भाज्या राहिल्यात," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग भिंगरीला: "घरी जा. आणि तोंड धू, भुतासारखी दिसतेस."

दार लागलं. भिंगरी गेली नाही. रखवालदाराजवळ उभी राहिली. मग आतून आवाज सुरू झाला आणि त्यात मध्ये फटच नव्हती, पावलं उतारावर धावतात तसा तो पुढे पुढे धावत गेला.

"चाक बसवलंय काय आत?" रखवालदाराने विचारलं.

"धार आत्याची आहे," भिंगरी म्हणाली, आणि मगच घरी गेली.

दुपारी तिने आत्याचे सगळे ऱ्या आपल्यासारखे करून घेतले. बदलायची क्वेरी लिहिली, अट घातली, ती अट आधी फोटोतल्या पानाशी ताडून बघितली, किती ओळी बदलणार ते मोजलं आणि मग बटण दाबलं. आत्या मागे उभी होती. "कुऱ्हाड झाली का कोणाची?" दर थोड्या वेळाने विचारत होती. झाली नाही. खिडकीतलं ते वाक्यही भिंगरीने खोडलं. 'अशी वस्तू नाही'च्या जागी लिहिलं: मला सापडलं नाही, आत्याला विचारा. आत्याने ते दोनदा वाचलं. लॅपटॉप माळ्यावर टाकायचं काय झालं ते तिने बोलूनच दाखवलं नाही, फक्त दोरा आणि चिठ्ठ्यांचा डबा काढून गल्ल्यावर ठेवला. "हेही राहू दे," म्हणाली. भिंगरीने एरवी वाद घातला असता. तिने डबा जरा आपल्या बाजूला ओढून घेतला आणि पहिली चिठ्ठी लिहायला बसली.

काकू आल्या त्या दिवेलागणीला. जिन्याकडे न जाता सरळ दुकानात. आत्या उठली. दोघी चाकाच्या दोन बाजूंना उभ्या.

"ह्यांना पुन्हा धार लागेल," काकूंनी पुडकं गल्ल्यावर ठेवलं. "सोमवारपासून रोज चारशे माणसांचं चिरायचंय मला."

आत्याने चष्मा काढला आणि पुसत बसली, तो पुसण्यासारखा नव्हता तरी. मग म्हणाली, "भिंगरे, चढव. दवाखान्याची मुख्य स्वयंपाकीण म्हणून चढव आता."

"तिसऱ्या मजल्यावरचीच राहू दे," काकू म्हणाल्या. "मी कुठे गेले नाही." मग गल्ल्यावर वाकल्या. "पण आधी शोधून दाखव. मी आहे की नाही ते बघते."

भिंगरीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "तुम्हीच टाइप करा."

काकूंनी एकाच बोटाने, त्या ताठ बोटाने, सावकाश एकेक अक्षर दाबलं.